जुनी बाइक बघायची तर थंड इंजिनाची

भाच्याला ऐरोलीत एक जुनी बाइक पसंत पडली होती. मालकांना मी फोनवर एकच विनंती केली, "सकाळी सातला येतो, तोवर गाडी चालू करू नका." पोचल्यावर रंग, मीटर काही न बघता इंजिनाच्या फिन्सना, म्हणजे ते गार ठेवणाऱ्या बाहेरच्या पात्यांना, हाताची मागची बाजू लावली. कोमट. मालक म्हणाले, "आत्ताच दूध घेऊन आलो." खरंही असेल. पण आम्ही कागदपत्रं बघून निघालो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सातला हजर झालो.

मामा, एवढा हट्ट कशाला, असं भाच्याने विचारलं. कारण धातूच्या स्वभावात आहे. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि बऱ्याच साध्या बाइकमध्ये तो ज्यात वरखाली होतो त्या सिलिंडरचं अस्तर बिडाचं असतं. तापमान सारखंच वाढलं तरी ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. म्हणजे इंजिन थंड असताना दोघांमधली फट सगळ्यात जास्त. झिजलेल्या इंजिनात ती आणखी मोठी होते, पिस्टन भिंतीवर आपटतो आणि टक-टक ऐकू येते. काही मिनिटांत पिस्टन तापून फुगतो, फट कमी होते, आवाज विरतो. माझी पहिली बाइक मी संध्याकाळी घेतली, मालक नुकताच फिरवून आला होता. इंजिन गोड वाजत होतं. दोन महिन्यांत बोअर करावा लागला, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कोरून घ्यावा लागला.

धुराचंही तसंच. व्हॉल्वचं रबरी सील कडक झालं असेल, तर रात्रभर उभ्या गाडीत वरचं ऑइल व्हॉल्वच्या दांडीवरून थेंबाथेंबाने खाली उतरतं. सकाळी पहिल्या किकला ते जळतं, निळसर धुराचा एक लोट येतो आणि थांबतो. दुपारी गेलात तर तो दिसणारच नाही. पिस्टनभोवतीच्या रिंग झिजून गेल्या असतील तर मात्र निळा धूर थांबत नाही, रेस दिली की वाढतो. म्हणून गाडी चालू करण्याआधी सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून बघावं, थंड असताना ते जमतंही. बोटाला कोरडी काजळी लागली तर बरं. चिकट, तेलकट काळं लागलं तर इंजिन ऑइल पितंय.

सकाळच्या पांढऱ्या वाफेला मात्र घाबरू नये. पेट्रोलमधल्या हायड्रोजनचं जळून पाणी होतं, लिटरभर पेट्रोलमागे साधारण लिटरभर! थंड सायलेन्सरमधून येताना त्याची वाफ दिसते, सायलेन्सर तापला की दिसेनाशी होते. पण घर ते स्टेशन एवढंच धावणाऱ्या गाडीचा सायलेन्सर पुरता तापतच नाही. पाणी आत साचतं आणि तो आतून गंजतो. ठाणे-नवी मुंबईत अशा गाड्या खूप. कमी किलोमीटर बघून हुरळून जाऊ नये, ते याचसाठी.

त्यात खाडीची हवा. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे पाऊस नसतानाही लोखंडावर पाण्याचा पातळ थर राहतो आणि गंज चालूच राहतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून रंग आतून फुगतो. टाकीच्या कडा आणि चेसिसचे जोड बोटांनी चाचपावेत. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळ्यांवरून नख फिरवावं. नख अडकलं तर तिथे खड्डा आहे, आणि नळी वरखाली होताना तो खड्डा ऑइल सील कापत राहतो.

टायरवर चार आकडी शिक्का असतो. '२३१९' म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. चेसिसवरचा नंबर आरसी बुकाशी अंक-अंक ताडून बघावा, कर्जाचा बोजा उतरलाय का तेही.

दुसऱ्या दिवशी फिन्स गार होत्या. पहिल्या किकला पांढरी वाफ आली, निळं काही नाही, टक-टकही नाही. डाव्या नळीवर मात्र, सीलच्या बोटभर वर, भाच्याचं नख अडकलं. भोवती तेलाची बारीक कड होती आणि तिला धूळ चिकटलेली. मालकांनीही वाकून पाहिलं. नळी आणि सीलचा खर्च किमतीतून वजा झाला, आणि गाडी विटाव्यावरून ठाण्यात आली.