आवाज इंजिनाचा, गिअरबॉक्सचा की चाकाचा?

‘गाडी पिकअप घेत नाही’, ‘गिअर टाकताना खर्र होतं’, ‘साठच्या पुढे कुठून तरी घूं असा आवाज येतो’. या तक्रारी कोणत्याही गॅरेजमध्ये रोज ऐकू येतात. पण प्रत्येक तक्रारीमागे दोन-तीन वेगवेगळे भाग असू शकतात. संशय भलत्याच भागावर गेला, की चांगला चालणारा गिअरबॉक्स विनाकारण खाली उतरतो आणि मूळ दुखणं तसंच राहतं. हे टाळायला आधी यंत्र नाही, थोडा विचार लागतो. इंजिनाची शक्ती चाकापर्यंत कोणत्या वाटेने जाते ते माहीत असलं, की ती वाट मधेच तोडून बघता येते.

मॅन्युअल गाडीत ही वाट अशी: फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक), क्लच प्लेट, गिअरबॉक्स, डिफरन्शियल (दोन्ही बाजूंच्या चाकांना शक्ती वाटून देणारा भाग), ड्राइव्ह शाफ्ट (चाकाकडे जाणारा दांडा) आणि शेवटी चाक. ती तोडायच्या दोन जागा ड्रायव्हरच्या हातापायाशीच आहेत, क्लचचं पेडल आणि न्यूट्रल.

गाडी सपाट जागी उभी करा. हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. पाय क्लचवर नसताना गुरगुर येते आणि पेडल पूर्ण दाबल्यावर ती थांबते का? पेडल दाबलं की इंजिनापासून गिअरबॉक्स सुटतो आणि त्याचा इनपुट शाफ्ट (शक्ती आत आणणारा दांडा) फिरायचा थांबतो. त्यामुळे पहिला संशय त्या शाफ्टच्या बेअरिंगवर. याउलट, पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) तपासायला सांगा, कारण दाबाखाली फिरायची वेळ त्याच्यावर तेव्हाच येते.

वेगाबरोबर वाढणाऱ्या घूं आवाजाचीही हीच कसोटी. मोकळ्या, सपाट रस्त्यावर, इंजिन चालूच ठेवून, क्षणभर गाडी न्यूट्रलमध्ये आणा. (घाटाच्या उतारावर हे कधीही करू नका, तिथे गिअरमधल्या इंजिनाचा आवर सगळ्यात मोलाचा असतो.) इंजिनाचे फेरे उतरले तरी आवाज गाडीच्या वेगाबरोबरच राहिला, तर तो इंजिनाचा किंवा क्लचचा नाही. मग उजवीकडे हलक्या वळणावर आवाज वाढतो का ते ऐका. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो, म्हणजे बहुधा डाव्या बाजूचं व्हील बेअरिंग गेलेलं असतं. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर आल्यावर आवाजाचा सूरच बदलला, तर मात्र टायरकडे बघा. आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढे निघताना कटकट आली, तर बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा चाकाकडचा वळणारा सांधा. त्याचं रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर उडालेलं बहुतेक वेळा डोळ्यांनाच दिसतं.

आता पिकअप. 40 च्या वेगाला चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबा. इंजिनाचे फेरे झटकन चढले आणि वेग मागेच राहिला, तर क्लच प्लेट घसरते आहे. फेरेही चढत नसतील तर क्लचला दोष देऊ नका. एअर फिल्टर, इंधन किंवा जाम झालेला ब्रेक पाहा.

क्लच लवकर का जातो, याचा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. 1100 किलोची गाडी दहास एक अशा चढावर ब्रेक न लावता हाफ क्लचवर (पेडल अर्धवट दाबून) धरून ठेवली, इंजिन मिनिटाला 1500 फेऱ्यांवर आहे. पहिल्या गिअरमध्ये क्लचवर साधारण 23 न्यूटन-मीटर पीळ येतो आणि प्लेटच्या घर्षणातून सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता निघते. घरातले दोन मोठे गिझर त्या पातळ प्लेटवर चालू ठेवल्यासारखं हे आहे. घाटातल्या कोंडीत येणारा तो करपट वास याच उष्णतेचा. एएमटी, म्हणजे क्लचचं पेडल नसलेल्या आणि गिअर आपोआप बदलणाऱ्या गाडीवाल्यांनीही हे मनावर घ्यावं. 2014 मध्ये सेलेरिओबरोबर हा प्रकार आपल्याकडे घरोघरी पोचला, पण आत क्लच प्लेट तीच असते, फक्त पेडल दाबायचं काम यंत्र करतं. चढावर अशी गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलू नका, ब्रेकवर धरा.

गिअर टाकताना खर्र होत असेल तर कोणत्या गिअरला होतं ते आधी नीट बघा. फक्त दुसऱ्याला किंवा तिसऱ्याला होत असेल, तर त्या गिअरची सिंक्रोनायझर रिंग झिजलेली असण्याची शक्यता मोठी. ही बहुधा पितळी रिंग घर्षणाने दोन भागांचा वेग जुळवते, मग दात बसतात. 1928 मध्ये कॅडिलॅकने ही सोय आणली, त्याआधी तो वेग ड्रायव्हरला स्वतः जुळवावा लागे. पण सगळ्याच गिअरना खर्र होतं, रिव्हर्सला तर हमखास, असं असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. अशा वेळी गिअरबॉक्स खोलायच्या आधी बॉनेट उघडा. अनेक गाड्यांत हायड्रॉलिक क्लच आणि ब्रेक एकाच डबीतलं तेल वापरतात. तिथली पातळी उतरली असेल तर गळती शोधा, आणि तोवर गाडी रस्त्यावर काढू नका, कारण प्रश्न ब्रेकचाही आहे.

चढावर गाडी धक्के खाते तेव्हाही गिअरबॉक्सवर आळ येतो, प्रत्यक्षात इंजिन मिसिंग करत असतं, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं इंधन नीट पेटत नसतं. स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) पी0301 कोड आला तर पहिला सिलिंडर पेटत नाही, इतकंच कळतं. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) असलेल्या पेट्रोल इंजिनात, थंड आणि बंद असताना, पहिल्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची पहिल्यावर लावून घ्या आणि कोड पुसून गाडी चालवा. पी0303 आला, म्हणजे दोष तिसऱ्या सिलिंडरवर गेला, तर कॉइल खराब. पुन्हा पी0301 च आला तर कॉइल ठीक आहे. मग त्याच पद्धतीने प्लग बदलून बघा, आणि तोही निर्दोष ठरला तरच इंजेक्टर आणि कॉम्प्रेशनकडे वळा.