साल हवी की फुलं? सेरुला आणि सेरुलाटा यांतला घोळ

तांबूस, चकचकीत खोडाच्या चेरीचा फोटो पाहून भाळायचं, नर्सरीतून 'शोभेची चेरी' म्हणून मिळेल ते रोप आणायचं आणि चार-पाच वर्षांनी विचारायचं की खोड अजून राखाडीच कसं. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये किंवा सिएटलच्या बाजूला बाग करणाऱ्या मराठी घरांत हा प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो. उत्तर दर वेळी तेच असतं. फोटोतलं झाड प्रुनस सेरुला, आणलेलं झाड प्रुनस सेरुलाटा. नावात एका अक्षराचा फरक, पण एक झाड खोडासाठी लावायचं असतं आणि दुसरं फुलांसाठी.

सेरुलाटा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. जपानी साकुरा, त्यातल्या 'कान्झान' वाणाचे गुलाबी भरगच्च झुबके, वसंतातले दोनेक आठवडे आणि मग वर्षभर एक साधं झाड. त्याच्या खोडावरही आडव्या रेघा असतात, म्हणून लोक फसतात. पण ती साल राखाडी-तपकिरी आणि निस्तेज राहते.

सेरुला ही तिबेटी चेरी. मूळची पश्चिम चीनची, म्हणजे सिचुआन, युन्नान आणि तिबेटची. वनस्पती गोळा करणारे अर्नेस्ट विल्सन यांनी १९०८ मध्ये ती ब्रिटनमध्ये आणली. तिची बाहेरची साल कागदासारख्या पातळ थरांत आडवी सुटते आणि आतून गुळगुळीत, महोगनी रंगाचा नवा थर उघडा पडतो. त्यावर वल्करंध्रांचे, म्हणजे सालीतल्या हवेच्या छिद्रांचे, फिकट आडवे पट्टे. फुलं पांढरी, लहान आणि पानांसोबतच येणारी, त्यामुळे दुरून दिसतसुद्धा नाहीत. फुलांसाठी सेरुला घेऊ नका. पानांवरून ओळख सोपी आहे. सेरुलाचं पान वाळुंजासारखं अरुंद, सेरुलाटाचं रुंद. इतर फरक निवडीच्या कामाचे नाहीत.

खरी फसगत पुढे आहे, आणि ती नाव बरोबर वाचणाऱ्यांचीही होते. लेबलवर 'सेरुला' असतं, रोपही खरोखर सेरुलाचं असतं, तरी खोड राखाडी राहतं. कारण कलमाची उंची.

हापूसचं कलम रायवळ खुंटावर बांधतात. सांध्याच्या वर हापूस, खाली रायवळ. आंब्यात त्याने काही बिघडत नाही, कारण आपल्याला हवं ते फळ वर लागतं. चेरीचंही असंच कलम बांधतात. खुंट बहुधा 'कोल्ट' नावाचा खास खुंटाचा वाण किंवा रानचेरी, म्हणजे प्रुनस एव्हियम. कलम करायच्या जागा मात्र दोन. एक जमिनीलगत, १५-२० सेंटीमीटरवर. दुसरी थेट १.८ मीटरच्या आसपास, म्हणजे रानचेरीचं सरळ खोड वाढवून त्याच्या डोक्यावर हवी ती जात. 'कान्झान'ला दुसरी पद्धत चालते, कारण फुलं वरच येतात. सेरुलाला तीच पद्धत लावली की डोळ्यांसमोरचं सगळं खोड रानचेरीचं होतं आणि चकाकी फक्त वरच्या फांद्यांना मिळते. साल सांध्याखाली कधीच उतरत नाही. वीस वर्षं थांबलात तरी नाही.

म्हणून रोप घेताना शेंड्याकडे पाहू नका, खाली वाका. सांधा म्हणजे खोडाला आलेली गाठ किंवा तिरका वळसा. बहुतेक वेळा तिथे सालीचा रंगही बदलतो. तो जमिनीपासून वीतभर उंचीवर असेल तर रोप घ्या. छातीच्या उंचीवर असेल तर किंमत निम्मी केली तरी सोडून द्या. झाड मागवायचं असेल तर 'कलम जमिनीलगत केलंय का' हे आधी विचारून घ्या. बियांपासून केलेलं रोपही चालतं, पण सालीचा रंग रोपागणिक कमी-जास्त असतो. खात्री हवी तर 'ब्रँकलिन'सारखा निवडलेला वाण कलमाचाच घ्यावा. कोवळ्या, अंगठ्याएवढ्या खोडाला चमक नसते, तेवढ्यावरून रोप नाकारू नका.

काही नर्सऱ्या सेरुलाच्या खोडावर 'कान्झान' बांधून दोन्ही एकत्र विकतात. हा प्रकार मला पटत नाही. वरची जात जाड होत जाते आणि नेमका डोळ्यांसमोर फुगवटा येतो. जागा असेल तर जमिनीपासूनच तीन खोडं फुटलेली सेरुला घ्या, त्याहून देखणं काही नाही.

कॅनडात विनिपेग किंवा एडमंटनला असाल तर मात्र सेरुलाचा नाद सोडा. तिथल्या थंडीत टिकते ती मांचुरियन चेरी, प्रुनस माकी. तिची साल मधासारखी सोनेरी असते आणि ती उणे ४० अंशांपर्यंत तग धरते. पुण्या-मुंबईत यातलं काहीच जमणार नाही. या झाडांना लांब, थंड हिवाळा लागतो.

लावायची वेळ नोव्हेंबर ते मार्च, पानं नसताना. जागा अशी निवडा की हिवाळ्यातलं उतरतं ऊन खोडावर पडेल आणि झाड वाटेजवळ असेल. घराच्या भिंतीपासून पाच-सहा मीटर अंतर ठेवा, कारण चेरीची मुळं उथळ असतात आणि फरशी उचलतात. खड्डा मुळांच्या पसाऱ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोली मुळांएवढीच. खोड जिथे पसरून मुळं सुरू होतात ती जागा मातीच्या पातळीवर आणि सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे. खड्ड्यात खत भरू नका. ते कुजून बसतं आणि झाड खाली खचतं. पाणी तुंबणाऱ्या जमिनीत चेरी मरते, तिथे उंचवटा करून लावा. पहिल्या उन्हाळ्यात कोरड्या आठवड्याला २०-३० लिटर पाणी द्या. आच्छादन ५-७ सेंटीमीटर जाड घाला, पण खोडाभोवती १० सेंटीमीटर जागा मोकळी ठेवा.

आधाराची काठी झाडाच्या एक तृतीयांश उंचीचीच हवी. उंच काठी वाऱ्यात खोडाला घासते आणि ज्या सालीसाठी झाड लावलं तिच्यावरच कायमचा व्रण उठतो. दोन वर्षांत काठी काढून टाका. सशांसाठी प्लास्टिकचं गुंडाळं नको, आत ओल धरते. सैल जाळी लावा. गवत कापायचं स्ट्रिमर खोडाजवळ मुळीच नेऊ नका.

खोडावर फुटणारे कोंब कोवळे असतानाच बोटाने खुडा, दीड मीटरपर्यंत खोड स्वच्छ ठेवा. कात्री चालवावी लागली तर जून ते ऑगस्टमध्ये, कोरड्या दिवशी. हिवाळ्यातल्या ओल्या जखमेतून सिल्व्हर लीफ बुरशी शिरते. पानं रुपेरी होऊन फांदी वाळते, मग सगळं झाडच जाऊ शकतं.

आणि साल ओढून काढायचा मोह आवरा. आपसूक सुटलेल्या चिंध्या तेवढ्या हाताने उचला. घट्ट चिकटलेला थर ओढला तर खालचा कच्चा भाग उघडा पडतो आणि तिथे खडबडीत डाग राहतो. हिरवं शेवाळ धरलं तर पानगळीनंतर साधं पाणी आणि मऊ स्पंज पुरतो. साबण नको, प्रेशर वॉशर तर नकोच.