सिमेंट की रूट कॅनॉल? शेजारच्या दोन दाढांची गोष्ट

माझ्या खालच्या जबड्यात डाव्या बाजूच्या दोन दाढा एकदमच किडल्या. आरशात दोन्हींवर सारखाच काळा ठिपका. पुढचीत अर्ध्या तासात सिमेंट भरून झालं. मागचीचं मात्र रूट कॅनॉल: तीन फेऱ्या आणि वर कॅप. बिल बघून मी डॉक्टरांना विचारलंच, "शेवटी हिच्यातही सिमेंटच भरलंत ना?"

प्रश्न अगदीच भाबडा नव्हता. दोन्हीकडे कीड खरवडतात आणि खड्डा बुजवतात. फरक आहे तो खरवडत कुठवर जायचं याचा.

दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल. ते शरीरातलं सगळ्यांत कठीण, पण त्यात नस नसते, त्यामुळे कीड तिथे असेपर्यंत पत्ता लागत नाही. त्याखाली डेंटीन. कीड तिथे शिरली की थंड आणि गोड झोंबायला लागतं. आणखी आत दाताचा गर, म्हणजे पल्प: नसा आणि रक्तवाहिन्या. हा गर मुळांमधल्या बारीक नळ्यांतून खाली टोकापर्यंत जातो. त्या नळ्या म्हणजेच कॅनॉल. कीड गराच्या अलीकडे थांबली असेल तर सिमेंटवर भागतं. जंतू गरात शिरले आणि गर सावरण्यापलीकडे गेला, तर नळ्या साफ कराव्या लागतात. वरून दिसणाऱ्या ठिपक्यावरून यातलं काहीच कळत नाही. म्हणून एक्स-रे.

दुखण्याची तऱ्हा मात्र बरंच सांगते. गार पाण्याने कळ आली आणि दोन-चार सेकंदांत गेली, तर नस बहुधा चिडली आहे एवढंच. कळ रेंगाळते, गरम चहाने ठणका उठतो, काही न खाता-पिता मध्यरात्री जाग येते, तर प्रकरण गरापर्यंत गेलं असं समजा. सुजलेल्या गराच्या चारी बाजूंना टणक भिंती असतात, फुगायला जागाच नसते. त्यात आडवं पडलं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो. मी दोन रात्री पलंगावर टेकून बसून काढल्या, दाढेत लवंग धरून. लवंगेतल्या युजेनॉलने थोडा वेळ बधिर होतं, खोटं नाही. आतली कीड जागची हलत नाही, हेही खोटं नाही.

मग एके दिवशी ठणका आपोआप थांबला आणि मी खूश झाले. तिथेच फसले. दुखणं थांबलं होतं, कारण गर मेला होता. जंतू मुळाच्या टोकातून हाडाकडे निघाले होते, आणि दोन महिन्यांनी हिरडीवर पुळी आली. अशा वेळी नुसत्या अँटिबायोटिकवर भागत नाही. मेलेल्या गरात रक्तच पोचत नाही, तिथे औषध कुठून पोचणार?

रूट कॅनॉलची भीती बहुतेकांना दुखण्याची असते. इंजेक्शनची टोचणी सोडली तर मला दुखलं नाही. कंटाळा मात्र आला. अर्धा ओठ बधिर होऊन पाव किलोचा वाटतो. दाढेभोवती रबराचा पडदा ताणून बसवतात, म्हणजे थुंकी आत आणि औषध घशात जात नाही. मग केसासारख्या बारीक फाइली, म्हणजे नळ्या खरवडायच्या सुया, मुठीला पांढरा, पिवळा, लाल, निळा रंग. रंगावरून जाडी कळते. मूळ कुठे संपतं ते सांगणारं एक यंत्र मधूनमधून पिकपिकतं. नळ्या धुतात त्या औषधाला ब्लीचचा वास येतो. माझ्या दाढेत तीन नळ्या निघाल्या. समोरच्या दाताला बहुतेकदा एकच असते. जंतुसंसर्ग जास्त म्हणून मधे औषध भरून ठेवलं, नाहीतर एका बैठकीतही होतं. शेवटी नळ्यांत गटापर्चाच्या गुलाबी काड्या बसवतात. तो आग्नेय आशियातल्या झाडाचा चीक. म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर: सिमेंट वरच्या खड्ड्यात, खाली मुळांत मुख्यतः गटापर्चा.

पुढच्या दाढेतलंही खरं तर सिमेंट नव्हतंच. ते दाताच्या रंगाचं कंपोझिट, निळ्या दिव्याखाली थर लावत कडक केलेलं. पूर्वी चांदी भरायचे. आपण सगळ्यालाच सिमेंट म्हणतो.

नंतरच्या दिवसांतही दोघी वेगळ्या वागल्या. भरलेल्या दाढेला आठवडाभर गार झोंबलं. रूट कॅनॉलवालीला गार-गरम कळेना, पण तीन दिवस चावताना दुखलं. नस काढल्यावर दुखतं कसं? मुळाभोवतीच्या पेशी जिवंतच असतात, दुखतात त्या. साध्या वेदनाशामक गोळीवर ते निभतं. सूज वाढली किंवा ताप आला तर मात्र लगेच डॉक्टरांना फोन करायचा.

आता कॅप. छोट्या फिलिंगला ती लागत नाही. रूट कॅनॉलच्या दाढेची मात्र कीड आणि वरून पाडलेलं छिद्र यांत इतकी भिंत गेलेली असते, की चावण्याचा जोर तिला पेलत नाही. आमच्या मावशीचं रूट कॅनॉल उत्तम झालं होतं. दुखणं थांबलं, मग कॅपचा खर्च "दिवाळीनंतर बघू" म्हणून राहिला. नरकचतुर्दशीला सकाळी फराळाची पहिलीच चकली चावताना दाढ पार मुळापर्यंत उभी चिरली. पाडव्यानंतर ती काढूनच टाकावी लागली.