एसीचा फ्यूज बदलताना टोपीवरचं अक्षरही वाचा

दीड टनाचा स्प्लिट एसी चालताना साधारण ७ ते ८ अँपिअर करंट घेतो. पण इनडोअर युनिटच्या पीसीबीवरचा, म्हणजे सर्किट बोर्डवरचा काचेचा फ्यूज बहुतेक वेळा ३.१५ अँपिअरचाच असतो. तरी तो उडत नाही, कारण साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीत कॉम्प्रेसरचा करंट या फ्यूजमधून जातच नाही. तो रिलेमधून, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचमधून आउटडोअरकडे जातो. फ्यूज राखण करतो ती फक्त कंट्रोल सर्किटची आणि बहुधा पंख्याच्या मोटरची. म्हणून ‘एवढा मोठा एसी, दहाचा टाका’ हा सल्ला ऐकू नका. दहाचा फ्यूज शाबूत राहील आणि त्याच्याआधी पीसीबीवरचे तांब्याचे पातळ ट्रॅक जळतील.

जुना फ्यूज दुकानात न्यायचाच. धातूच्या टोपीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: ‘टी ३.१५ ए एल २५० व्ही’. आकडा सगळेच पाहतात, घोटाळा अक्षरात होतो. ‘टी’ म्हणजे संथ, ‘एफ’ म्हणजे चपळ. ही अक्षरं जर्मन शब्दांवरून आली आहेत. एसी चालू करताना कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, भरायला क्षणभर बराच जास्त करंट लागतो. संथ फ्यूज तो झटका सोसतो, चपळ फ्यूज त्याच क्षणी उडू शकतो. काही संथ फ्यूजच्या तारेवर मध्यभागी कथिलाचा टिपूस दिसतो. तांबं १०८५ अंशांना वितळतं, कथिल २३२ अंशांना. ओव्हरलोड टिकून राहिला तर कथिल वितळून तांब्यात मुरतं आणि तार तिथेच तुटते.

‘एल’ काचेच्या फ्यूजवर असतो. असा ३.१५चा फ्यूज ३५ अँपिअरपर्यंतचाच करंट सुरक्षितपणे तोडतो. ‘एच’ लिहिलेला सिरॅमिक फ्यूज १५०० अँपिअरपर्यंत. सिरॅमिकच्या जागी काचेचा कधीही बसवू नये, शॉर्टमध्ये नळी फुटू शकते. लांबी-जाडीही मोजा, ५ × २० मिलिमीटर हा नेहमीचा आकार.

हात घालण्याआधी एसीचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पाडा, प्लग असेल तर काढा. इन्व्हर्टर एसीच्या आउटडोअर पीसीबीवर वीज बंद केल्यावरही ३०० व्होल्टच्या वर डीसी साठून राहते. ती जिवावर बेतू शकते, म्हणून तिथला फ्यूज टेक्निशियनकडूनच बदलून घ्या.

आता उडालेला फ्यूज उजेडात धरा. तार मध्येच तुटलेली आणि काच स्वच्छ असेल, तर करंट थोडाच जास्त होता. काच आतून काळी किंवा आरशासारखी चकचकीत असेल, तर तो शॉर्ट होता; नवा फ्यूजही लगेच जाईल. मग फ्यूजजवळची चपटी गोल चकती पाहा. तो व्हॅरिस्टर, जास्त व्होल्टेजपासून बोर्ड वाचवणारा भाग. न्यूट्रल सैल होऊन व्होल्टेज ४००च्या आसपास गेलं, की तो स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो. चकती तडकलेली किंवा काळवंडलेली असेल, तर त्याच व्होल्टेजचा नवा व्हॅरिस्टर बसवायचा, पण आधी न्यूट्रल घट्ट करून घ्यायची.

एमसीबीचं गणित वेगळं आहे, तो तार वाचवतो. ४ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेवर दीड टनाला २० अँपिअरचा ‘सी’ प्रकारचा एमसीबी सर्रास वापरतात. ‘सी’ प्रकार रेटिंगच्या ५ ते १० पटीला क्षणात पडतो, त्यामुळे कॉम्प्रेसर सुरू होतानाचे ४०-५० अँपिअर तो सोसतो. तो वारंवार पडतो म्हणून २.५च्या तारेवर ३२चा बसवू नका. तार भिंतीत तापत राहील आणि एमसीबी पडणार नाही.