मिशन दवाखाने, मंडळ्या आणि कुपोषित मूल

कुपोषित मुलांसाठी ख्रिस्ती मंडळ्यांनी, म्हणजे चर्चच्या समुदायांनी, नेमके काय करायचे, या प्रश्नाची आजची मांडणी मिरजेत झाली नाही आणि वेल्लोरलाही नाही. ती झाली 1964 साली, जर्मनीतल्या ट्युबिंगेन या विद्यापीठाच्या गावात, चर्चच्या वैद्यकीय कामाविषयीच्या एका बैठकीत. त्याआधीचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे: 1894 चा मिरजेचा दवाखाना, पुढे सहा वर्षांनी वेल्लोर, मग आशिया-आफ्रिकेत ठिकठिकाणी उभी राहिलेली दगडी बांधकामाची मिशन इस्पितळे.

साठच्या दशकात ही इस्पितळे अडचणीत आली. वसाहती स्वतंत्र होत होत्या, परदेशी डॉक्टर मायदेशी परतत होते आणि एक्स-रे, औषधे, पगार यांचा खर्च वर्गणीच्या आवाक्याबाहेर चालला होता. त्यातच अनेक देशांत पाहण्या झाल्या. मंडळ्यांच्या वैद्यकीय कामापैकी सुमारे 95 टक्के काम आजार झाल्यानंतरच्या उपचाराचे होते आणि भरती होणाऱ्यांपैकी किमान निम्म्यांचा आजार मुळातच टाळता येण्याजोगा होता. वॉर्डातल्या सिस्टरला हे पाहणीविनाही माहीत होते. जुलाबाने सुकलेले मूल येते, सलाइन लागते, डोळ्यांत जीव येतो, आई त्याला पदरात घेऊन जाते आणि दोन महिन्यांनी तेच मूल आणखी हलके होऊन त्याच खाटेवर असते.

ट्युबिंगेनला जमलेल्यांनी म्हटले की बरे करणे हे डॉक्टरांपुरते काम नाही, ते सबंध मंडळीचे काम आहे. वाद इथूनच पेटला आणि मराठीत तर तो अधिकच गुंतागुंतीचा होतो. ‘उपचार’ म्हटले की अर्थ गोळी-इंजेक्शनापुरता आक्रसतो. ‘आरोग्यदान’ म्हटले की देणाऱ्याचा हात वर राहतो. शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीकमध्ये एकच क्रियापद आहे. आपल्या मराठी बायबलात तेच कुठे ‘बरे करणे’ होते, कुठे ‘तारणे’. मग मुलाचे वजन वाढवणे हे तारणाचे काम की समाजकार्य? एका बाजूला वाटले, सुवार्तेला पातळ केले जात आहे. दुसऱ्या बाजूला तीस-तीस वर्षे ऑपरेशन टेबलाशी उभे राहिलेले डॉक्टर दुखावले. सगळे मंडळीनेच करायचे तर हर्निया काय मंडळीच्या वडिलांनी (एल्डरांनी) कापायचा, ही शंका काही अगदीच खोडसाळ नव्हती.

आपल्याकडे याला आणखी एक पीळ होता. 1956 मध्ये मध्य प्रदेश सरकारच्या चौकशी समितीने मिशनऱ्यांच्या कामावर अहवाल दिला. धर्मांतराचे थेट साधन म्हणून वैद्यकीय सेवा वापरण्यास कायद्याने बंदी घालावी, अशी त्यात शिफारस होती. विदर्भ, म्हणजे मेळघाटसुद्धा, तेव्हा त्याच राज्यात होता. ‘बरे करणे आणि तारणे एकच’ या ज्या विधानाने ट्युबिंगेनमध्ये डॉक्टरला दवाखान्याच्या भिंतींबाहेर पडायची मोकळीक दिली, तेच विधान नागपुरात कबुलीजबाबासारखे ऐकू आले असते. भारतातले ख्रिस्ती आरोग्यकार्यकर्ते पुढे धर्मशास्त्राबद्दल कमी आणि हातपंपाबद्दल जास्त बोलू लागले, त्यामागे हेही एक कारण असावे असे मला वाटते.

खरे तर मार्कच्या पाचव्या अध्यायात उत्तर होते. बारा वर्षांची मुलगी उठून चालू लागते, घरचे थक्क होऊन पाहत राहतात आणि येशू सांगतो की तिला काही खायला द्या. चमत्कारानंतर लगेच सूचना जेवणाची! या ओळीवर प्रवचन मात्र क्वचितच होते.

दुसरी बैठक 1967 ची. 1968 मध्ये चर्चच्या जागतिक संघटनेने जिनिव्हात स्वतंत्र वैद्यकीय आयोग नेमला. आता नमुने शोधणे सुरू झाले. एक नमुना नायजेरियाचा होता. तिथल्या मेथडिस्ट मिशन दवाखान्यातल्या एका इंग्रज डॉक्टरने पन्नाशीच्या दशकातच पाच वर्षांखालच्या मुलांसाठी वजनाचे कार्ड काढले होते. कार्ड दवाखान्याच्या कपाटात न ठेवता प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईकडेच द्यायचे. मूल आजारी पडण्याआधी वजनाची रेघ आडवी होते आणि ती आईला दिसते. अंगणवाडीत आज जो वाढीचा तक्ता आहे, त्याचे मूळ या पिशवीत आहे.

दुसरा नमुना नगर जिल्ह्यातला. वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम केलेले एक डॉक्टर दांपत्य 1970 मध्ये जामखेडला आले. गावोगावी प्रशिक्षित नर्स नेमण्याचा बेत फसला, तेव्हा गावांनीच आपापल्यातली एक बाई निवडून दिली. यातल्या कित्येक जणी निरक्षर होत्या, बऱ्याच दलित. वजन करणे, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी पाजणे, बाळाला वरचे अन्न कधी सुरू करायचे ते सांगणे, हे सगळे त्यांच्याकडे. लोकांना मात्र आधी पाणी आणि धान्य हवे होते. 1972 चा दुष्काळ आठवला तर यात नवल नाही. सुरुवातीला तिथे हजार जन्मांमागे 176 अर्भके दगावत होती. दोन-अडीच दशकांत ते प्रमाण त्याच्या एका छोट्या अंशावर आले.

दरम्यान एक गोष्ट मंडळ्यांनी फारशी उगाळली नाही. 1954 नंतर अमेरिकेतली शिलकी दूध पावडर जगभर वाटण्यात चर्चच्या मदतसंस्था पुढे होत्या. अस्वच्छ पाण्यात कालवलेल्या बाटलीतल्या दुधाने मुले मरतात, हे एका डॉक्टर बाईंनी 1939 मध्येच सिंगापुरात खडसावून सांगितले होते. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या काही धर्मभगिनी शेअरधारक म्हणून डबाबंद दुधाच्या कंपनीविरुद्ध कोर्टात उभ्या राहिल्या. 1981 मध्ये अशा दुधाच्या जाहिरातींना आवर घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता 118 विरुद्ध एका मताने संमत झाली. ते एक मत अमेरिकेचे. भारतात कायदा आला 1992 मध्ये.

जामखेड, ग्वाटेमाला आणि जावा येथील अनुभव जिनिव्हातल्या जागतिक आरोग्य संघटनेने उचलले आणि 1978 मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटाला ‘सर्वांसाठी आरोग्य’ जाहीर झाले. वर्षभरातच तज्ज्ञांनी ते महागडे ठरवले. त्याऐवजी वजन, जलसंजीवनी, स्तनपान आणि लस एवढे चार उपाय पुढे आले. जुलाबाने मरणारी मुले त्यामुळे नक्कीच वाचली. पण बोअर कोणत्या वस्तीत घ्यायचा, हा प्रश्न त्या यादीत बसत नव्हता.

महाराष्ट्रात यानंतर शब्दच बदलले. ‘तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतील बालक’ जाऊन ‘सॅम’ (अतितीव्र कुपोषित) आणि ‘मॅम’ (मध्यम तीव्र कुपोषित) आले. आता दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की मूल सॅम. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातली पाच वर्षांखालची 25.6 टक्के मुले उंचीच्या मानाने कमी वजनाची निघाली. देशाचा आकडा 19.3 होता.