जुन्या गॅरेजला नवं गॅरेज: जोडायचं नाही, शेजारी उभं करायचं

दुसरी गाडी आली की गॅरेज वाढवायचं ठरतं. जुन्या भिंतीला खाचे पाडायचे, सळया रोवायच्या आणि नवी भिंत घट्ट सांधून टाकायची, हा सल्ला बहुतेक ठिकाणी मिळतो. नागपुरात जिथे काळी माती आहे, तिथे तो नुकसानीचा आहे.

या मातीतलं मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज पावसाळ्यात आपल्या पापुद्र्यांत पाणी ओढून फुगतं आणि मे महिन्यात आकसतं. जुनं गॅरेज असे कित्येक उन्हाळे-पावसाळे सोसून बसलेलं असतं, नवं अजून बसायचं असतं. दोन्ही जखडले की हलण्यातला सगळा फरक सांध्यावर येतो आणि भिंत तिरपी, पायऱ्या-पायऱ्यांनी तडकते.

गॅरेज हलकं असतं म्हणून पाया उथळ चालेल, असं वाटतं. उलट हलकं बांधकामच जास्त उचललं जातं. ३ × ५.५ मीटरच्या गॅरेजचा १२५ मिमी स्लॅब साधारण ५ टनांचा. भिंती धरूनही फुटिंगखाली, म्हणजे पायाच्या तळाच्या रुंद भागाखाली, चौरस मीटरला जेमतेम तीन-चार टन येतात, आणि फुगणारी काळी माती चौरस मीटरला १० टनांहून जास्त दाब देऊ शकते. म्हणून खोदकाम खालचा घट्ट मुरूम लागेपर्यंत करावं. काळा थर खोल असेल तर खाली फुगीर कंद असलेले अंडर-रीम्ड पाईल (जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब) घ्यावेत, निदान ३.५ मीटर खोल. प्लिंथ बीमखाली (जोत्याच्या पातळीच्या बीमखाली) ८० मिमी पोकळी ठेवायची, म्हणजे फुगलेली माती बीमला ढकलत नाही.

खरा धोका जुन्या पायाशेजारी खोदताना असतो. नवा खड्डा जुन्या फुटिंगच्या तळाखाली गेला की त्याखालची माती बाजूला सरकते आणि जुनी भिंत खचते. त्यामुळे नवे कॉलम जुन्या भिंतीला चिकटवू नयेत. ते त्या भिंतीपासून १ ते १.२ मीटर नव्या गॅरेजच्या आत घ्यावेत आणि तिथून बीम-स्लॅब भिंतीकडे कॅन्टिलिव्हर, म्हणजे पुढच्या टोकाला आधार नसलेला, काढावा. खड्डा जास्त खोल जात असेल तर हे अंतरही वाढवावं लागतं. कॅन्टिलिव्हरमध्ये मुख्य सळई वरच्या बाजूला हवी. ओतकामाच्या वेळी माणसांच्या पायाखाली ती दबून खाली जाते आणि सेंटरिंग (ओतकामाचा साचा-टेकू) काढताच मुळाशी भेग पडते. सळई वर धरून ठेवणाऱ्या लोखंडी खुर्च्या पुरेशा लावा, स्वतः उभं राहून बघा. कॉलम-बीमची मापं आणि सळईचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्यावा.

दोन्ही बांधकामांत २५ मिमीची फट पायापासून स्लॅबपर्यंत सलग हवी. ओतताना मधे घातलेला थर्माकोल नंतर पूर्ण काढा. पडलेला मसाला फटीत राहिला तर तेवढ्या जागी दोन्ही बांधकामं एकमेकांवर टेकतात. तोंड पॉलीसल्फाइड सीलंटने (रबरासारख्या लवचीक भरणीने) बंद करून वर पत्र्याची पट्टी लावायची, पण खिळे फक्त जुन्या भिंतीत. नव्या बाजूला ती मोकळी सरकली पाहिजे.

मधली भिंत फोडून एकच मोठं गॅरेज करायचं असेल, तर आधी टेकू आणि वरचा बीम, मग तोडफोड. बीम दोन्ही टोकांना किमान १५० मिमी टेकलेला हवा.

भोवती बाहेर उतार असलेला १ मीटर रुंद काँक्रीटचा पट्टा करा आणि छताचं पाणी पाईपने दूर न्या, म्हणजे पायाजवळची माती कमी हलते. पहिला पावसाळा संपला की फट वर आणि खाली मोजा. वर रुंद झाली असेल, तर नव्या गॅरेजचं लांबचं टोक खचतंय.