‘वापरलेल्या गोळीचं लॉकेट’ असं काही नसतं

घरी बसून पितळेची कानातली, पेंडंट करणाऱ्या मंडळींसाठी हे लिहितेय. पितळ तुम्हाला कळतं, झाळकाम येतं, कानस कशी धरायची ते मी सांगायला नको. गाडी अडते ती एका शब्दापाशी, ‘बुलेट ज्वेलरी’. इंटरनेटवर हा शब्द टाकला की अर्धी पानं मोटरसायकलच्या किचेनची निघतात. ती सोडा. उरलेल्या अर्ध्यांत जिला गोळी म्हटलेलं असतं ती बहुतेक वेळा गोळी नसतेच. ती पुंगळी असते.

अख्ख्या वस्तूला म्हणायचं काडतूस (शब्द पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आलेला). त्यात चार गोष्टी असतात: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली टोपी, आत दारू आणि तोंडात घट्ट बसवलेली गोळी. घोडा दाबला की पिन टोपीवर आपटते, टोपी पेटते, तिनं दारू पेटते आणि गोळी नळीतून निघून जाते. पुंगळी बंदुकीतच राहते, मग बाहेर पडते. आपण दागिने करतो ते या मागे राहिलेल्या पुंगळीचे.

कॉलेजात एनसीसी केलेल्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. पॉइंट टू टू रायफलीनं पाच राउंड झाडायचे आणि मग गवतात गुडघे टेकून पाच खोके शोधायचे. एक जरी कमी भरला तरी हवालदारसाहेब कुणाला हलू देत नसत. ‘गोळी परत आणा’ असं त्यांनी कधी म्हटलं नाही, गोळी समोरच्या मातीच्या ढिगात गेलेली असायची. परत मागायचे ते खोके, म्हणजे आपल्या पुंगळ्या. पोलिसांच्या पंचनाम्यातही ‘जिवंत काडतूस’ आणि ‘रिकामी पुंगळी’ असं नेमकं लिहिलेलं असतं. ‘पाच जिवंत गोळ्या सापडल्या’ हे बातम्यांत छापून येतं. गोळी हा नुसता धातूचा तुकडा, ती जिवंत कशी असेल? असो.

काडतुसाच्या नावातच दोन्ही गोष्टी वेगळ्या लिहिलेल्या असतात. ७.६२ × ५१ मधला पहिला आकडा गोळीच्या जाडीशी जोडलेला, दुसरा पुंगळीच्या लांबीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ९ × १९ म्हणजे पिस्तुलाची बुटकी पुंगळी. तिचं बूड जेमतेम १० मिलिमीटरचं, कानातल्या टॉप्सना अगदी बेताचं. आपल्याला लागतो तो दुसरा आकडा, आणि ‘नऊ एमएमची गोळी पाहिजे’ म्हणत मेसेज करणाऱ्यांना खरं तर एकोणीसची पुंगळी हवी असते.

इथवर नुसता शब्दांचा घोळ होता. त्यातून जो खरा घोळ होतो त्यासाठी हा सगळा खटाटोप.

दोन वर्षांपूर्वी भाचा एका थंड हवेच्या ठिकाणाहून फिरून आला. गळ्यात काळा दोरा, त्याला लटकलेलं चकचकीत काडतूस. खाली पितळ, वर तांबूस अणकुचीदार टोक, आणि टोकाला कडी. “मावशी, वापरलेली आहे ही. दुकानदार म्हणाला, खरी झाडलेली गोळी.” मी त्याला म्हटलं, “अरे, झाडली असती तर हे टोक अजून इथे कसं?” तो बघत राहिला. हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता, आणि मी ज्यांना-ज्यांना विचारलाय त्यातल्या बहुतेकांना पडलेला नसतो.

झाडणं याचा अर्थच ते टोक पुंगळीपासून सुटून जाणं. त्यामुळे टोक जागच्या जागी असलेली वस्तू ‘झाडलेली’ असूच शकत नाही. मग तिच्या बाबतीत दोनच शक्यता उरतात. पहिली, कुणीतरी रिकामी पुंगळी घेऊन तिच्या तोंडात वेगळी गोळी किंवा गोळीसारखा तुकडा बसवून दिलाय. म्हणजे ती डमी. दुसरी, ते अख्खं काडतूस आहे आणि आत दारू आहे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. हातात हलवून, कानाशी धरून काही कळत नाही, आणि उघडून बघायचं तर नावच काढू नका.

खरोखर झाडलेली गोळी ज्यांनी पाहिलीय ते टोकाच्या मोहात पडत नाहीत. मातीतून उकरून काढलेली गोळी चेपलेली, वाकडी, कधी फुलासारखी उमललेली असते, आणि अंगावर नळीतल्या पिळाचे तिरके ओरखडे असतात. गुळगुळीत, सरळ, लॉकेटात शोभणारं टोक दिसलं की समजा, ते कुठल्याही नळीतून गेलेलं नाही.

आता पुंगळी उलटी करा आणि बूड बघा. मधोमध वाटाण्याहून लहान चकती दिसेल, ती टोपी. तिच्यात पिनेचा ठसठशीत खड्डा असेल आणि तोंड मोकळं असेल, आतून काळपट दिसत असेल, तर पुंगळी झाडलेली आहे. पॉइंट टू टूला अशी वेगळी टोपी नसते, मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो. म्हणून तिचा खड्डा कडेला शोधायचा.

तोंड मोकळं आहे पण टोपी सपाट, खड्ड्याचा पत्ता नाही, अशी पुंगळी रिकामी खरी, पण झाडलेली नव्हे. आत दारू नसली तरी टोपीतला मसाला जिवंत असू शकतो. दिवाळीतली टिकली दगडानं ठेचली की फुटते, तोच प्रकार, फक्त ही टिकली धातूच्या वाटीत कोंडलेली आणि कितीतरी तिखट. तिच्यावर हातोडी, ड्रिल किंवा झाळायची ज्योत आली तर ती डोळ्याच्या रोखानंच उडेल, कारण काम करताना आपला चेहरा तिथेच असतो. ‘रिकामी आहे ना, मग काय होतंय’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर वाद घालत नाही. बूड दाखवा म्हणते.

आणखी एक प्रकार, सगळ्यांत वाईट. टोपीत खड्डा आहे, आणि टोकही आहे. लोकांना वाटतं खड्डा म्हणजे निर्धोक. पण पिन आपटूनही काडतूस न उडाल्याचीसुद्धा हीच खूण असते, म्हणजे आत सगळं भरलेलं आणि टोपी एकदा दुखावलेली. डमी करणाऱ्यानं झाडलेली पुंगळी वापरली असेल तरी ती अशीच दिसेल. बाहेरून फरक सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

भाच्याच्या लॉकेटची टोपी सपाट होती. ते मी कामाच्या टेबलावर ठेवूही दिलं नाही. शेजारच्या इमारतीत सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात, त्यांना सोबत घेऊन तो पोलीस चौकीत देऊन आला. तुमच्याही घरात आजोबांच्या पेटीत असं काही निघालं तर कचऱ्यात टाकू नका, भंगारवाल्याला देऊ नका आणि ‘जुनं आहे, सर्द झालं असेल’ असं धरून चालू नका.

डमी करायचीच असेल तर प्रामाणिक डमी करावी. पुंगळीच्या पोटाला आरपार भोक, म्हणजे आत काही नाही हे कुणालाही दिसतं, आणि बुडातली टोपीची जागा मोकळी. कवायतीच्या डमी राउंडनाही अशाच खुणा ठेवलेल्या असतात. मी स्वतः टोक लावतच नाही. फारच हट्ट झाला तर शिसवी लाकडाचा गोल बोंडा बसवते, जो लांबूनही गोळी वाटत नाही. आणि ते घालून विमानतळावर जायचं नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगते. एक्स-रेवर बसलेल्या माणसाला तुमच्या कलाकुसरीशी देणंघेणं नसतं, तुमचं विमान मात्र चुकतं.

टोक न लावण्याला आणखी एक कारण आहे, ते सोनारकाम करणाऱ्यांना लगेच पटेल. पुंगळी पितळेची, साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. गोळीच्या पोटात सहसा शिसं असतं, वर तांब्याचा पातळ अंगरखा, आणि पॉइंट टू टूला बरेचदा तोही नाही. शिसं ३२७ अंशांना वितळतं, आणि त्याचा कण चांदीला लागून तापला की चांदीला खड्डे पडतात. एकदा टेबलावर शिशाचा कीस सांडला की पुढचे कितीतरी दिवस कुठला दागिना कशानं बिघडला ते कळत नाही. शिवाय लॉकेट चोखायची सवय लहान मुलांनाच नव्हे, मोठ्यांनाही असते.

शिसं थोडं पुंगळीतही असतं बरं का. टोपीच्या मसाल्यात सहसा शिशाचं संयुग असतं, आणि झाडल्यावर त्याची काजळी पुंगळीच्या आत बसते. म्हणून पहिली धुलाई ओलीच करायची, कोरडं घासायचं नाही. गरम पाणी, साबण, थोडं लिंबूफूल किंवा चिंच, हातात मोजे. ती भांडी पुन्हा स्वयंपाकघरात न्यायची नाहीत. कापून काढलेल्या बुडाच्या चकतीला मी कधीच तापवत नाही. तिला भोक पाडून कडी घालते किंवा चिकटवते. झाळायचं काम पुंगळीच्या वरच्या भागाचं, बूड कापून बाजूला ठेवल्यावर, खिडकी उघडी ठेवून. ज्योत जास्त झाली की जस्ताचा पांढरा धूर निघतो, हे पितळवाल्यांना माहीत आहेच.

अमोनिया असलेल्या काच पुसायच्या द्रावणानं मात्र पुंगळ्या साफ करू नका. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जायची, आणि ती वापरात नसतानाही तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा, आणि ओढून घडवलेल्या पितळेतला ताण या तिघांचा तो प्रताप होता. त्याचा नीट उलगडा व्हायला १९२१ साल उजाडलं. दागिन्यात ती चीर महिन्यांनी उमटते, आणि बोलणी आपल्याला खावी लागतात.

बाकीचे फरक किरकोळ. चंदेरी पुंगळी चांदीची नसते, बहुधा पितळेवर निकेलचा मुलामा असतो. निकेलनं ज्यांचे कान चिघळतात त्यांना ती देऊ नका. लोहचुंबक चिकटला तर पोलाद, बाजूला टाका. बारा बोरचं काडतूस प्लॅस्टिकचं, त्याला फक्त बुडाची धातूची वाटी असते, आणि आत एका गोळीऐवजी बहुधा छर्रे. कोकणातली ठासणीची बंदूक असेल तर तिला पुंगळीच नसते, दारू आणि गोळी तोंडातून ठासतात. तेव्हा ‘आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीची पुंगळी’ म्हणून कुणी काही विकत असेल तर ऐकून घ्या आणि पुढे चला.

रायफलच्या पुंगळीच्या मानेपाशी कधी जांभळट-तपकिरी छटा दिसते. तो डाग नव्हे. गोळी बसवायची ती मान मऊ राहावी म्हणून कारखान्यात शेकलेली असते, त्याची ती खूण. लोक ती बफिंगवर घासून काढतात आणि मला वाईट वाटतं. पैठणीचे काठ कापून टाकावेत तसं.

कायद्याचं थोडक्यात. १९५९च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. कलम ४५ मध्ये पूरक भागांसोबत वापरायचे नसलेल्या किरकोळ भागांना सूट आहे. परवान्याशिवाय जिवंत काडतूस बाळगणं मात्र गुन्हा आहे, मग ते गळ्यात असो की खिशात. म्हणून माझ्याकडे येणारी प्रत्येक पुंगळी परवानाधारक नेमबाजाकडूनच येते, आणि कुणी किती दिल्या ते वहीत लिहिलेलं असतं. फायरिंग रेंजवर भंगार वेचायला जाऊ नका. तिथे पुंगळ्यांच्या जोडीला न फुटलेलेही काही पडलेलं असतं.

गेल्या महिन्यात बुडाच्या चकत्यांचे टॉप्स केले. एकावर ‘केएफ’, म्हणजे आपल्या खडकीचा कारखाना, दुसऱ्यावर ‘ओएफव्ही’, म्हणजे जळगाव जिल्ह्यातलं वरणगाव. जोडी बेजोड, पण घेणाऱ्या बाईंचं माहेर भुसावळचं आणि सासर पुण्याचं, त्यांनी हट्टानं तीच मागितली. फक्त म्हणाल्या, मधले ते खड्डे बुजवून त्यावर एकेक अमेरिकन डायमंड बसवून द्या. अक्षरं चमकवून दिली. खड्डे तसेच ठेवले.